आरपीजी मेकरच्या पुढच्या आवृत्तीत नेमकं काय बदलायला हवं?

मॅपवाला (धागाकर्ता)
आरपीजी मेकर म्हणजे फारसा कोड न लिहिता गेम बनवायचं सॉफ्टवेअर. त्याची एमझेड ही आवृत्ती ऑगस्ट २०२० मध्ये आली. पुढची आवृत्ती येईल तेव्हा त्यात काय हवं, यासाठी हा धागा. विनंती एवढीच की 'ग्राफिक्स भारी हवेत' यावर थांबू नका. आज काय अडतं, कशामुळे अडतं आणि एडिटरमध्ये किंवा इंजिनात काय बदललं की सुटेल, हे लिहा. सध्याची पळवाट माहीत असेल तर तीही लिहा, नवशिक्यांना उपयोगी पडेल.

सुरुवात नकाशापासून करतो. एमव्ही (एमझेडच्या आधीची आवृत्ती) आणि एमझेडमध्ये नकाशाच्या प्रत्येक चौकटीसाठी सहा आकडे साठवले जातात: टाइलचे (नकाशा जोडायच्या चौकोनी चित्रांचे) चार थर, एक सावली, एक रीजन क्रमांक (चौकटीला आपण द्यायचा खुणेचा आकडा). एमझेडने हे चार थर हाताने निवडायची सोय दिली हे चांगलंच झालं, पण थर चारच राहिले. जमीन, तिच्यावरचं गवत, छप्पर, छपरावरचं धुराडं, झाले चार. त्या धुराड्यावर कावळा बसवायचा तर इव्हेंट (नकाशावर ठेवायची, आदेश चालवू शकणारी वस्तू) करावा लागतो आणि असा प्रत्येक शोभेचा इव्हेंट दर फ्रेमला अपडेट होत राहतो. मला हवे आहेत नाव देता येतील, लपवता येतील आणि कुलूप लावता येईल असे हवे तितके थर.

दुसरं म्हणजे चालण्याची परवानगी. इंजिन सगळ्यात वरच्या थरापासून खाली बघत येतं आणि ताऱ्याची खूण नसलेली (म्हणजे पात्राच्या वर न दिसणारी) जी पहिली टाइल भेटेल तिचाच निर्णय मानतं. परवानगी टाइलसेटला (टाइलच्या संचाला) चिकटलेली असते, नकाशातल्या जागेला नाही. म्हणून तोच दगड एका ठिकाणी अडवणारा आणि दुसऱ्या ठिकाणी ओलांडता येणारा हवा असेल, तर टाइल दोनदा ठेवावी लागते किंवा रीजन क्रमांक वाचणारं प्लगिन (इंजिनात वरून घालायचा कोड) लागतं. नकाशावरच चौकटीगणिक परवानगी बदलता यायला हवी. पुलावरून आणि त्याच पुलाखालून जाणं हाही याच प्रश्नाचा भाग आहे. चौकटीला उंचीची पातळी दिली तर दोन्ही सुटतात.

तिसरा_थर
अनुमोदन. थर कमी पडतात म्हणून बरेच जण अख्खा नकाशा क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगवून एक चित्र म्हणून लावतात. त्याचा हिशोब बघा. १०० × १०० चौकटींचा नकाशा, चौकट ४८ पिक्सेलची, म्हणजे ४८०० × ४८०० पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरले तर एकच चित्र साधारण ९२ एमबी जागा खातं, पीएनजी फाइल डिस्कवर कितीही लहान दिसली तरी. झाडांचे शेंडे वर दिसावेत म्हणून दुसरं चित्र लावलं की दुप्पट. शिवाय ज्या जुन्या फोनांत टेक्स्चरची मर्यादा ४०९६ आहे तिथे ते चित्र उमटतच नाही, काळा पडदा येतो. आज करायचं तर चित्राचे तुकडे पाडून पडद्याजवळचे तेवढेच लोड करणारं प्लगिन हवं. हे काम इंजिनाने करायला हवं.

अनुस्वार
नकाशा महत्त्वाचा आहेच, पण माझ्या यादीत पहिला क्रमांक अक्षरांचा. मराठीत गेम करणाऱ्याची पहिली ठेच संवादाच्या चौकटीतच लागते, आणि बरेच जण तिथूनच इंग्रजीकडे वळतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एमव्हीमध्ये संवाद काढणारं फंक्शन मजकुरातून एकेक युनिकोड चिन्ह उचलतं, त्याची रुंदी मोजतं, काढतं आणि पुढे सरकतं. 'कि' लिहिलं की आधी 'क' येतो, मग वेलांटी एकटीच ठिपक्यांच्या वर्तुळासह शेजारी उमटते. 'स्त्री' तर सहा तुकड्यांत फुटते. मात्र मेन्यूतली वस्तूंची आणि पात्रांची नावं बरोबर दिसतात, कारण तिथे अख्खी ओळ एकदम कॅनव्हासला दिली जाते आणि जोडाक्षरं ब्राउझर स्वतः जुळवतो. वस्तूंची माहिती देणारी चौकट मात्र संवादाच्याच वाटेने जाते, म्हणून तिथे पुन्हा मोडतोड.

एमझेडमध्ये यात अर्धी सुधारणा झाली. चिन्हं आधी बफरमध्ये गोळा होतात आणि मग एकत्र काढली जातात, त्यामुळे माहितीची चौकट आपोआप सुधारली. पण संवाद एकेक अक्षर उमटत जावा यासाठी प्रत्येक चिन्हानंतर 'इथे थांबता येईल का' असं विचारणारं फंक्शन आहे: 'कॅन ब्रेक हिअर'. ते सरोगेट जोड्या (दोन आकड्यांत साठवलेली चिन्हं) सांभाळतं, उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्या सांभाळतं, पण आपल्या लिपीबद्दल त्यात काहीच नाही.

आज दोन उपाय आहेत. पहिला बिनकोडचा: संवादाच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बॅकस्लॅश आणि त्यापुढे 'पेक्षा मोठे' हे चिन्ह टाका. ती ओळ मग एकदम उमटते आणि अक्षरं शाबूत राहतात. नवी ओळ सुरू झाली की हा आदेश रद्द होतो, म्हणून प्रत्येक ओळीला पुन्हा टाकावा लागतो. दुसरा उपाय छोट्या प्लगिनचा: त्या फंक्शनला अलियस करून (मूळ फंक्शन जपून त्यावर आपलं घालून) तपासण्या घाला. पुढच्या चिन्हाचा युनिकोड क्रमांक २३०४ ते २३०७, २३६२ ते २३६४, २३६६ ते २३८३ यांपैकी असेल, किंवा ८२०४ वा ८२०५ (न दिसणारी विजोडक आणि जोडक चिन्हं) असेल, तर थांबू नका. मागचं चिन्ह हलन्त म्हणजे २३८१ असेल तरी थांबू नका. मागचं ८२०५ असून त्याच्याही मागे हलन्त असेल तरीही नाही. ही शेवटची अट गाळली तर 'दर्‍या' सारखे शब्द मोडतात, कारण काही कळपाट अर्धा र जोडकाने लिहितात.

एवढं केल्यावरही एक दोष उरतो. अक्षराभोवती इंजिन ३ पिक्सेलची गडद कड काढतं, म्हणजे दीड पिक्सेल बाहेर. अक्षरं तुकड्यातुकड्याने काढली की पुढच्या अक्षराची कड मागच्या अक्षराच्या शिरोरेषेवर चढते आणि रेषेत काळे खाचे दिसतात. संवादाच्या चौकटीपुरती कड शून्य केली की ते जातात, पण मग फिकट पार्श्वभूमीवर वाचायला त्रास होतो.

म्हणून पुढच्या आवृत्तीकडे माझी मागणी: आधी अख्खी ओळ एका लपलेल्या बिटमॅपवर काढा, मग ती डावीकडून हळूहळू उघडत न्या. जोडाक्षरं, शिरोरेषा, कड, सगळं जागेवर राहील. हिंदी, बंगाली, तमिळ, थाई, सगळ्यांचाच प्रश्न एका फटक्यात सुटेल.

गोखरू
अनुस्वार, हे तुकडे पाडायला जावास्क्रिप्टमध्ये तयार 'सेगमेंटर' आहे ना? आकड्यांच्या तपासण्या कशाला?

अनुस्वार
आहे, पण क्रोमियम ब्राउझरच्या ८७ व्या आवृत्तीपासून. एमझेडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांसोबत आलेलं एनडब्ल्यूजेएस (गेम ज्यावर चालतो ते क्रोमियमचं वेष्टन) त्याहून जुनं आहे, तिथे तो सापडतच नाही. दुसरं, हलन्तानंतरचं व्यंजन त्याच अक्षरात धरायचा नियम युनिकोड १५.१ मध्ये आला. त्याआधीच्या सेगमेंटरला 'ष्ण' म्हणजे दोन तुकडे वाटतात. म्हणून आकड्यांची तपासणी जास्त भरवशाची.

फॉन्टचंही इथेच सांगते. एमझेडमध्ये सिस्टिम २ च्या प्रगत सेटिंगमध्ये मुख्य फॉन्टची फाइल देता येते. मुंबईच्या 'एक टाइप' संस्थेचा 'मुक्त' किंवा 'बलू', नाहीतर नोटो सान्स देवनागरी, हे मुक्त परवान्याचे आहेत, गेमसोबत देता येतात. अक्षर २६ आणि ओळ ३६ ठेवली तर आधाररेषेखाली जेमतेम ९ पिक्सेल उरतात. 'द्धू' सारख्या अक्षराचा उकार शेवटच्या ओळीत कापला जातो. अक्षर २४ करा किंवा ओळ ४० करा. ओळ वाढवली तर चार ओळी मावतील इतकी संवादाची चौकटही उंच करायला विसरू नका.

रानजाई
खूप उपयोगी प्रतिसाद. मजकुराचाच पुढचा भाग मी मांडते.

एक, ओळ आपोआप मोडणं. संवाद चौकटीबाहेर गेला तर तो सरळ कापला जातो, पुढच्या ओळीवर येत नाही. चेहऱ्याचं १४४ पिक्सेलचं चित्र लावलं की जागा आणखी घटते आणि सगळे संवाद पुन्हा हाताने तोडावे लागतात. २०२० सालच्या सॉफ्टवेअरमध्ये हे असायलाच हवं होतं.

दोन, नाव विचारणारा पडदा. तिथे लॅटिन, रशियन आणि जपानी अक्षरांचे तक्ते आहेत. देवनागरीचा तक्ता आपण भरू शकतो, १० स्तंभ आणि ९ ओळींत बाराखडीची चिन्हं बसतात. पण वर नाव दाखवताना प्रत्येक युनिकोड चिन्हाला वेगळी अधोरेखित जागा मिळते. 'श्रीकृष्ण' मध्ये वाचणाऱ्याला तीन अक्षरं दिसतात आणि इंजिन मोजतं नऊ. मर्यादा आठची ठेवली असेल तर शेवटचा 'ण' बसतच नाही आणि नाव हलन्तावर अडकतं. तूर्तास मर्यादा १६ करा आणि नाव दाखवणारं फंक्शन बदलून अख्खं नाव एकाच ओळीत काढा.

तीन, आणि हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं: विभक्ती आणि लिंग. डेटाबेसच्या संज्ञांमध्ये '%१ सापडलं' असा एकच साचा लिहिता येतो. पण बाण सापडला, ढाल सापडली, औषध सापडलं. लढाईत 'घोडा' ला 'ला' जोडला की 'घोडाला' होतं, हवं असतं 'घोड्याला'. डेटाबेसच्या प्रत्येक नोंदीला लिंग आणि सामान्यरूप असे दोन ऐच्छिक रकाने द्या, आणि साच्यात त्यांना बोलावता येऊ द्या. जर्मन आणि रशियनवाल्यांनाही हेच लागतं.

आज चालवायचं तर नोंदीच्या टिपेच्या चौकटीत कोनी कंसात 'सामान्यरूप:घोड्या' असं लिहा. इंजिन तो टॅग स्वतः वाचून नोंदीच्या 'मेटा' मध्ये ठेवतं, नाव देवनागरीत असलं तरी चालतं. मग संदेश बनवणाऱ्या फंक्शनमध्ये तो वापरायचा. माझ्या मते विभक्तीप्रत्यय नावाबाहेर ठेवून नोंदीत फक्त सामान्यरूप साठवणं बरं पडतं. एकाच रूपावर ला, ने, वर, चा सगळे बसतात.

चार, भाषांतराचा तक्ता. सगळे संवाद नकाशाच्या फाइलींत, इव्हेंटच्या आदेशांत विखुरलेले असतात. प्रत्येक वाक्याला किल्ली देऊन ती एकाच तक्त्यात ठेवायची सोय इंजिनातच हवी.

तिसरा_थर
हे बहुतेक सगळं प्लगिनने होतं. मूळ इंजिन हलकं ठेवलेलंच बरं नाही का? ज्याला हवं तो घालेल.

कोकणी_कोडर
तिसरा_थर, मुद्दा समजला, पण प्लगिनने होतं आणि प्लगिनने टिकतं यांत फरक आहे. मूळ फंक्शन एका चलात ठेवून आपलं काम करून मग मूळ बोलावणं, हा अलियसचा शिरस्ता. संवादाच्या चौकटीत मात्र बरीच प्लगिन मूळ फंक्शन न बोलावता अख्खं बदलून टाकतात. तुम्ही अनुस्वार यांचं प्लगिन वर आणि असं दुसरं प्लगिन खाली ठेवलंत, तर खालचं वरच्याला पुसून टाकतं. एरर येत नाही, नुसती अक्षरं पुन्हा मोडतात. एमझेडने 'बेस', 'ऑर्डर आफ्टर' आणि 'ऑर्डर बिफोर' हे टॅग दिले, त्यांनी क्रम सांगता येतो. टक्कर कुठे झाली ते मात्र कळत नाही. प्लगिनच्या यादीतच 'हे फंक्शन या तिघांनी बदललंय, यातल्या एकाने मूळ बोलावलेलं नाही' असं दिसायला हवं. आणि संवाद, लढाई, हालचाल यांत प्लगिनला हक्काने हात घालता येईल अशा अधिकृत जागा हव्यात.

माझी मुख्य मागणी सेव्हबद्दल आहे. गेम प्रकाशित केला, लोकांनी अर्धा खेळला, तुम्ही दुरुस्ती केली, आता जुना सेव्ह उघडला तर काय होतं? एडिटरमध्ये प्रकल्प जतन केला की सिस्टिम फाइलमधला आवृत्तीचा आकडा बदलतो. सेव्हमधला आकडा त्याच्याशी जुळला नाही की इंजिन खेळाडूला त्याच नकाशावर पुन्हा आणून नकाशा नव्याने उभा करतं. म्हणून इव्हेंटमधली दुरुस्ती जुन्या सेव्हमध्येही पोचते. पात्रांचं तसं नाही. वर्गाच्या यादीत पातळी ५ ला नवं कौशल्य घातलंत आणि खेळाडू आधीच पातळी ८ वर असेल, तर ते त्याला कधीच मिळत नाही, कारण कौशल्य पातळी चढतानाच दिलं जातं आणि शिकलेल्यांची यादी सेव्हमध्ये गोठलेली असते. प्लगिनने पात्रात नवा आकडा साठवायला सुरुवात केली तर जुन्या सेव्हमध्ये तो नसतो, त्याच्यावर बेरीज केली की 'संख्या नाही' असं उत्तर येतं आणि ते आरोग्यापर्यंत पसरतं.

प्लगिन लिहिणाऱ्यांसाठी अजून एक खड्डा. सेव्ह करताना प्रत्येक वस्तूबरोबर तिच्या क्लासचं नाव लिहिलं जातं आणि उघडताना ते नाव 'विंडो' (ब्राउझरची सगळ्या कोडला दिसणारी मुख्य वस्तू) मध्ये शोधलं जातं. तुम्ही प्लगिन बंदिस्त फंक्शनमध्ये लिहून आत 'क्लास' घोषित केला असेल तर तो तिथे सापडत नाही. खरं तर बाहेर घोषित केलेला क्लासही आपोआप 'विंडो' चा भाग होत नाही. सेव्ह व्यवस्थित होतो, उघडतोही, आणि पहिल्यांदा त्या वस्तूचं फंक्शन बोलावलं की 'हे फंक्शन नाही' असा एरर. 'विंडो' वर क्लास स्वतः नेमून द्या, म्हणजे सुटतं.

पुढच्या आवृत्तीत मला हवंय ते असं: माझ्या गेमच्या सेव्हला मी दिलेला क्रमांक, आणि '३ वरून ४ ला जाताना हे करा' असं लिहायला एक ठरलेली जागा. कॉमन इव्हेंटनेही (कुठूनही बोलावता येणाऱ्या इव्हेंटनेही) ते लिहिता यावं, म्हणजे कोड न येणाऱ्यालाही जमेल.

गोखरू
लढाईचा समतोल. मूळ सूत्र आहे हल्ला गुणिले ४ वजा बचाव गुणिले २. हल्ला ३०, बचाव २० असेल तर १२० वजा ४०, म्हणजे ८०. २० टक्के फरक धरला तर ६४ ते ९६. बचाव ४० केला की नुकसान ४० वर येतं, ६० केला की थेट शून्य. वजाबाकीच्या सूत्रात हा कडा फार जवळ असतो, म्हणून एका चिलखताने अख्खा विभाग सोपा होऊन बसतो. भागाकाराचं सूत्र, उदाहरणार्थ हल्ल्याचा वर्ग भागिले हल्ला अधिक बचाव, जास्त सौम्य उतरतं.

आज तपासायला ट्रूप्सच्या पानावर लढाईची चाचणी आहे. पातळी आणि शस्त्रं ठरवायची आणि एक लढाई हाताने खेळायची. मला हवंय पडदा न दाखवता हजार लढाया चालवणारं साधन: पातळी ५ ते १०, ही शस्त्रं, हा शत्रूंचा गट, पात्रांनी साधारण असं वागायचं. उत्तरात जिंकण्याचं प्रमाण, सरासरी फेऱ्या, उरलेलं एमपी. इंजिन जावास्क्रिप्टचं आहे, चित्रं बंद केली तर हे अवघड नाही.

अवचित लढायांचंही तसंच. पावलांची सरासरी ३० ठेवली तर इंजिन ० ते २९ मधले दोन आकडे काढून बेरजेत १ मिळवतं. म्हणजे १ ते ५९ पावलं. लढाई संपवून पहिल्याच पावलाला दुसरी, असं ९०० त एकदा होणारच, आणि खेळाडूला तेच लक्षात राहतं. किमान पावलांचा एक रकाना द्या, बाकी काही नको.

रानजाई
किमान पावलांच्या रकान्याला +१.

मॅपवाला
उत्तम चर्चा चालू आहे. फोनबद्दल कोणीच लिहिलं नाही. आपल्याकडचा बहुतेक खेळाडू फोनवर आहे.

तिसरा_थर
फोनबद्दल लिहितो. एमझेडमधून वेबची आवृत्ती काढून ती कॉर्डोव्हा किंवा कॅपॅसिटर (वेबपानाचं फोनचं अॅप करणारी साधनं) यांच्या वेष्टनात घालावी लागते. तिथे नेहमी अडणाऱ्या गोष्टी अशा. फाइलींच्या नावांतली मोठी-लहान लिपी: विंडोजला फरक पडत नाही, अँड्रॉइडला पडतो, म्हणून संगणकावर चाललेला गेम फोनवर 'लोड झालं नाही' म्हणून थांबतो. नावं पहिल्यापासून लहान लिपीत आणि देवनागरीशिवाय ठेवा. मग पडद्याचं प्रमाण: ८१६ × ६२४ चा गेम २४०० × १०८० च्या फोनवर उंचीला बसवला तर दोन्ही बाजूंना ४९० च्या वर पिक्सेल काळे राहतात. पडद्याची रुंदी वाढवा, पण एमझेडमध्ये यूआयची (मेन्यू, चौकटी यांची) रुंदी वेगळी ठरवता येते ती तशीच राहू द्या, म्हणजे मेन्यू ताणला जात नाही.

चालण्याचं बघा. स्पर्श केला तिथे पात्र जातं, पण वाटेचा शोध १२ पावलांपुरताच चालतो. लांब भिंतीपलीकडे स्पर्श केला की पात्र भिंतीला नाक लावून उभं राहतं. ती मर्यादा एका ओळीच्या प्लगिनने २४ करता येते, अगदी मोठ्या नकाशावर वेग बघून घ्या. हेच वाट शोधणं इव्हेंटच्या हालचालीतही हवं. आज 'खेळाडूकडे जा' म्हटलं की शत्रू सरळ रेषेत येतो आणि पहिल्या खांबाला अडतो. 'या चौकटीपर्यंत वाट काढून जा' असा आदेश यादीत असायला हवा, स्क्रिप्टशिवाय.

पडद्यावरचं दिशांचं बटण आणि अँड्रॉइडची थेट निर्मिती, हे दोन्ही इंजिनात यावं एवढीच मागणी.

कोकणी_कोडर
दोघातिघांनी मिळून काम करण्याबद्दल. नकाशाच्या फाइलीत टाइलचे सगळे आकडे एकाच ओळीत असतात. १०० × १०० च्या नकाशात ६० हजार. दोघांनी वेगवेगळ्या कोपऱ्यात एकेक झाड लावलं तरी गिटला (फाइलींतले बदल जुळवणाऱ्या साधनाला) एकच ओळ दोनदा बदललेली दिसते आणि जुळवणी होत नाही. प्रत्येक आडव्या रांगेनंतर ओळ तोडली तरी निम्मा त्रास जाईल. इव्हेंट वेगळ्या फाइलीत ठेवले तर लेखक आणि नकाशा करणारा एकाच वेळी काम करू शकतील.

तोवर असं करा: एका नकाशावर एका वेळी एकानेच काम करायचं, कोण कुठला नकाशा घेतोय ते आधी सांगायचं. गिटवरून बदल ओढण्याआधी एडिटर बंद करायचा. तो सगळा प्रकल्प मेमरीत धरून बसतो आणि पुढच्या वेळी जतन केलं की तुमच्या मित्राचं काम जुन्या प्रतीने झाकून टाकतो. सिस्टिम फाइलमधल्या आवृत्तीच्या आकड्यावर दरवेळी टक्कर होते, तिथे कुठलाही एक आकडा ठेवला तरी चालतो.

अनुस्वार
कोकणी_कोडर, सेव्हच्या मुद्द्यावर एक विचारायचं होतं. मेटामधलं सामान्यरूप सेव्हमध्ये जातं का? म्हणजे नंतर चूक दुरुस्त केली तर जुन्या सेव्हमध्ये ती दिसेल?

कोकणी_कोडर
दिसेल. डेटाबेसच्या नोंदी सेव्हमध्ये जात नाहीत, फक्त त्यांचे क्रमांक जातात. म्हणूनच एक काळजी घ्या: वस्तूंची यादी नीट लावायची म्हणून प्रकाशनानंतर नोंदी वरखाली करू नका. क्रमांक ७ वर ढाल होती आणि तिथे शिरस्त्राण आणून ठेवलंत, तर जुन्या सेव्हमधल्या सगळ्या ढाली शिरस्त्राणं होतील, आणि इव्हेंटमधले 'ढाल द्या' हे आदेशही शिरस्त्राण देऊ लागतील. पुढच्या आवृत्तीत नोंदीला क्रमांकाऐवजी कायमची ओळख द्या आणि यादीतला क्रम नुसता दिसण्यापुरता ठेवा, ही मागणी माझ्या आधीच्या प्रतिसादात जोडून वाचा.

मॅपवाला
सगळ्यांच्या मागण्या एकत्र करून इंग्रजीत लिहून काढतो आणि इंजिनकर्त्यांच्या अधिकृत मंचावर टाकतो. अनुस्वार, लिपीच्या मुद्द्याबरोबर एक छोटा नमुना प्रकल्प जोडता आला तर बरं होईल: एकच नकाशा, एकच इव्हेंट, आणि संवादात 'स्त्री', 'श्रीकृष्ण', 'दर्‍या', 'द्धू' हे चार शब्द. मूळ एमझेडमध्ये तो उघडला की पहिल्याच संवादात दोष दिसला पाहिजे.

अनुस्वार
करते. एकात मूळ इंजिन आणि दुसऱ्यात तपासण्यांचं प्लगिन, असे दोन प्रकल्प ठेवते. कड शून्य केलेली आणि न केलेली, दोन्ही पडद्यांची चित्रंही सोबत देते, म्हणजे शिरोरेषेतले खाचे त्यांना शेजारी शेजारी दिसतील.